आधी वजनकाटा घ्या

नेरुळच्या एका पालकांनी विचारलं आहे ते थोडक्यात असं: सोसायटीत पाचवी ते नववीची अठरा-वीस मुलं आहेत. सोसायटीचं ऑफिस रविवारी रिकामं असतं आणि समितीने चाळीस हजार रुपये मंजूर केले आहेत. मागच्या वर्षी बाहेरून माणसं बोलावून विज्ञानाचं शिबिर घेतलं, पहिल्या दिवशी वीस मुलं होती, शेवटच्या दिवशी पाच उरली. आता स्वतःच काही सुरू करायचं आहे. रोबोटिक्सची किट घ्यावीत का, दर रविवारी करायचं काय, मुलं टिकतील कशी, आणि कुणाला लागलं-भाजलं तर काय?

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. मशिनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, हातात घ्यायचा, मापायचा, आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, हे माझं काम. गेली अकरा वर्षं कळव्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी मुलांबरोबर काम करते. त्या अनुभवातून लिहिते आहे.

पैसे किटवर अडले आहेत, म्हणून तेवढं आधी सांगते. निदान पहिलं वर्ष किट घेऊ नका. रोबोटिक्स वाईट नाही. पण किटमधला प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुणीतरी मापून, भोकं पाडून, जुळवून दिलेला असतो. मुलाच्या वाट्याला उरतं ते चित्रात बघून स्क्रू आवळणं. गाडी काळ्या पट्टीवरून धावते, सगळ्यांची सारखीच धावते, टाळ्या होतात, आणि पुढच्या रविवारी त्या गाडीचं करायचं काय हा प्रश्न पडतो. तुमची पंधरा मुलं गळाली त्याचं कारण मला इथेच दिसतं. वस्तू चालली की उपक्रम संपला असं आपण धरतो, आणि मूलही तसंच धरतं.

माझ्याकडे नियम असा आहे की प्रत्येक वस्तू दोनदा करायची. पहिल्यांदा केली की ती मोडेपर्यंत वापरायची, मोडली की ती टाकायची नाही. कुठे मोडली, किती वजनाला मोडली, आधी काय वाकलं, हे वहीत लिहायचं. मग पुढच्या रविवारी तीच वस्तू पुन्हा करायची, आणि या खेपेला फक्त एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. हा दुसरा फेरा सुरू झाला की मूल शनिवारी रात्रीपासून विचार करायला लागतं. त्याला आपणहून यावंसं वाटतं, कारण त्याचं स्वतःचं काहीतरी अर्धं राहिलेलं असतं.

यासाठी मापाची साधनं लागतात, म्हणून खर्च तिथे करा. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल वजनकाटा, दोन घ्या. जाडी आणि व्यास ०.०२ मिमीपर्यंत मोजणारा एक साधा व्हर्नियर. बॅटरीवर चालणारे नकोत, पट्टीवरच्या रेघा जुळवून वाचायचा असतो तोच, कारण वाचायला शिकण्यातच गंमत आहे. दोन मल्टीमीटर, स्टीलच्या फूटपट्ट्या, कानशींचा एक संच, पक्कड, हॅक्सॉ, हाताने फिरवायचं ड्रिल, चार क्लॅम्प आणि प्रत्येकासाठी चष्मा. बाकीचा माल भंगार आणि रद्दी. तुर्भ्याच्या फळबाजारातून पुठ्ठ्याची खोकी मिळतात, सायकलवाल्याकडून फाटक्या ट्यूब. तुम्ही तर टीटीसी या कारखान्यांच्या पट्ट्याच्या शेजारी राहता. एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाला मुलांसाठी म्हणून सांगितलंत तर प्लायवूडचे, ॲक्रिलिकचे, रबराच्या शीटचे कट-पीस पिशवी भरून मिळतील. मला आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलं आहे. चाळीस हजारांतले निम्मेही संपणार नाहीत.

आता करायचं काय. मी वर्ष ऋतूंप्रमाणे लावते, कारण ठाण्या-नवी मुंबईत पाऊस आणि खाडी ही आयती प्रयोगशाळा दाराशी आहे.

जूनमध्ये पर्जन्यमापक. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. तोंड आणि अंग एकाच व्यासाचं असेल तर बाटली जाड असो की बारीक, आकडा तोच येतो. हे मुलांना पटत नाही. पटवून द्यायचंही नाही, दोन वेगळ्या जाडीच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या. दुसऱ्या फेऱ्याला दहा सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं पाच सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर बसवायचं. व्यास निम्मा, क्षेत्रफळ पाव, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस नळीत चार मिलिमीटर चढतो आणि बारीक सरही वाचता येते. हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतं, तीच वेळ पाळा, म्हणजे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येईल. ६४.५ मिमीच्या वर गेला की त्यांच्या भाषेत ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. तुमची बाटली २५ सेंटिमीटर उंच असेल तर त्या दिवशी ती किती वेळा रिकामी करावी लागली असती, एवढंच मुलांना विचारा.

यातला सगळ्यात भारी हिशोब गच्चीचा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुलांना गच्ची मापायला लावा. टेप धरायला दोघं, लिहायला एक. आमच्या इमारतीची गच्ची ३०० चौरस मीटर भरली. ५० मिमी पाऊस झाला त्या दिवशी तिच्यावर १५,००० लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड टँकर. घोडबंदर रोडला राहणारा एक आठवीतला मुलगा तेव्हा आमच्याकडे यायचा. त्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर यायचे. त्याने तो आकडा तीन वेळा पुन्हा मांडून बघितला, आणि मग घरी जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवला.

जुलै-ऑगस्टमध्ये खाडी. नवी मुंबईकरांनी हे करायलाच हवं, कारण तुमचं शहर ज्या यंत्रणेवर कोरडं राहतं ती मुलांनी रोज बघूनही बघितलेली नसते. वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली या भागांत जमीन सखल आहे, मोठ्या भरतीची पातळी तिच्या वर जाते. सिडकोने शहर वसवताना म्हणून खाडीच्या कडेला होल्डिंग पाँड ठेवले. पावसाचं पाणी नाल्यांतून आधी पाँडमध्ये येतं. पाँड आणि खाडी यांच्यामध्ये फ्लॅप गेट असतात. वर बिजागरीवर टांगलेली झडप, फक्त खाडीच्या बाजूला उघडणारी. ओहोटीला पाँडचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. मोटर नाही, माणूस नाही, दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक एवढंच तिचं इंजिन.

हे मॉडेल करायला प्लास्टिकचे दोन टब, मधे पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि पाइपच्या खाडीकडच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबराची झडप पुरते. पाइप टबमध्ये बसवताना होणारी गळती थांबवणं हाच पहिला रविवार खातो, आणि तो जाऊ द्या. मुलं एम-सील लावतात, मेण लावतात, चिखल लावतात. एका गटाने ट्यूबचीच चकती कापून दोन बाजूंनी वॉशरसारखी दाबली. कारखान्यात आम्ही त्याला गास्केट म्हणतो. त्यांना तो शब्द मी नंतर सांगितला, आधी नाही.

मग झडप चालते का बघायचं. खाडीकडच्या टबात मगाने पाणी वाढवायचं, भरती. उपसायचं, ओहोटी. पाँडकडे पातळीची रेघ मारून दर मिनिटाला नोंद. पहिली झडप हटकून गळते. रबर जाड असेल तर ती नीट उघडत नाही, पातळ असेल तर भरतीत पाइपच्या आत ओढली जाते. इथे व्हर्नियर बाहेर येतो, रबराची जाडी मापली जाते. आणि शेवटी मी हळूच पाँडमध्ये थर्माकोलचे तुकडे आणि एक प्लास्टिकची पिशवी टाकते. पिशवी झडपेत अडकते, झडप अर्धी उघडी राहते, आणि भरतीचं पाणी उलटं पाँडमध्ये शिरतं. त्यानंतर नाल्यातल्या कचऱ्यावर मला भाषण द्यावं लागत नाही.

याच्या जोडीला भरतीच्या वेळांची नोंद ठेवा. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वेळ आणि उंची दोन्ही छापून येतात. पंधरा दिवस रोज लिहिलं की मुलांना दिसतं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी, भरती असते. कुणाचे आजोबा कोळीवाड्यातले असतील तर त्यांना एका रविवारी बोलवा. आमच्याकडे बेलापूरजवळच्या दिवाळे गावाहून एका मुलीचे आजोबा आले होते, त्यांनी तिथी ऐकून भरतीची वेळ तोंडी सांगितली आणि मुलं पेपर उघडून ताडत बसली. एक गोष्ट मात्र कडक: खाडीच्या चिखलात कुणीही उतरायचं नाही. बघायचं ते रस्त्यावरून, मोठ्या माणसांसोबत.

दिवाळीआधीचे चार रविवार आकाशकंदिलाचे. माझा सगळ्यात आवडता उपक्रम हाच, त्यामुळे याच्यावर जरा जास्त लिहिते.

जुन्या पद्धतीचा बांबूच्या कामट्यांचा कंदील घ्या. सहा चौकोनी चौकटी बांधायच्या, प्रत्येकीला चार कामट्या, म्हणजे चोवीस. या चौकटी कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधत गेलं की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. सहा चौकोन, आठ त्रिकोण. कामट्या सगळ्या एकाच लांबीच्या हव्यात. पहिल्या फेऱ्यात नसतात. कुणी डोळ्याने कापतं, कुणी पहिली कामटी ठेवून दुसरी, दुसरी ठेवून तिसरी कापतं. या दुसऱ्या पद्धतीत चूक वाढत जाते. विसावी कामटी पहिलीपेक्षा चांगली अर्धा सेंटिमीटर लांब निघते आणि शेवटची चौकट जुळतच नाही. तेव्हा मी विचारते, सगळ्या कामट्या एकाच मापाच्या करायच्या तर काय करायचं? दहा-पंधरा मिनिटं जातात. कुणीतरी फळीवर दोन खिळे ठोकतं, कामटी त्यांच्यामध्ये बसवून कापतं. तो जिग झाला, दर वेळी तेच माप देणारा साचा. एका मुलाने ते केलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या टूलरूममध्ये माणसं आयुष्यभर हेच करत होती.

सांगाडा बांधून झाला की तो हातात धरून पिळून बघायला सांगा. तो पिळला जातो, चौकोनांचे शंकरपाळे होतात, अख्खा कंदील आत गोळा होतो. मुलं म्हणतात, ताई, बांधायला चुकलं. चुकलेलं नसतं. चार काड्यांची चौकट सांध्यात फिरते, तीन काड्यांची फिरू शकत नाही, आणि या सांगाड्यात सहा चौकोन आहेत. आता पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. वाळला की पुन्हा पिळून बघा. कंदील हलत नाही. इतका पातळ कागद, फुंकरीने उडणारा, पण ताणून चिकटवल्यावर तो चौकोनाचा कर्ण लांब होऊ देत नाही. कागद शोभेचा आहे असं आपण धरून चालतो, आणि कंदील उभा असतो तो त्याच्या जिवावर. दुसऱ्या फेऱ्यात प्रश्न असा: सहापैकी किती चौकोनांना कागद लावला तर पुरेल? कोणते आधी लावायचे? या एका प्रश्नावर आमचे दोन रविवार गेले आहेत. उत्तर मी इथे देत नाही, तुमच्या मुलांना काढू द्या.

कापून उरलेल्या कामट्या फेकू नका. वीस सेंटिमीटरचा तुकडा वजनकाट्यावर उभा धरून वरून हळूहळू दाबायचा. एका क्षणी तो मधे बाक काढतो, त्या वेळी काटा किती दाखवतो ते वाचायचं. मग त्याच कामटीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा. लांबी निम्मी झाली म्हणून दुप्पट भार घेईल असं सगळे सांगतात. काटा चौपटीच्या आसपास जातो. बरोबर चौपट क्वचितच येतं, कारण कामटी सगळीकडे सारखी जाड नसते आणि हातही हलतो. पण दुप्पट नक्कीच नाही हे कळतं. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात हे सूत्र काढलं. लांब, बारीक खांब चिरडून नाही तर बाक काढून निकामी होतो, आणि लांबी दुप्पट केली की ताकद पाव होते. कळव्याच्या मुलांना ते कामटीवर सापडलं, नाव नंतर कळलं. चष्मा मात्र घाला, कामटी कधी कधी तडकते आणि तुकडा उडतो.

दिवाळीतला किल्ला हाही इंजिनिअरिंगचा उपक्रमच आहे. कोरडी माती किती उतारावर थांबते, ओलसर किती, आणि फार ओली झाली की एकदम का ओघळते, कोनमापक लावून बघता येतं. करून बघा, त्याला माझी गरज नाही.

डिसेंबर-जानेवारीत पूल. कामट्यांची गोष्ट झालेली असल्यामुळे मुलं इथे तयार होऊन येतात. वर्तमानपत्राची दहा पानं, फेव्हिकॉल आणि दोरा. विणकामाच्या सुईवर पान कोपऱ्यातून तिरपं गुंडाळलं की घट्ट नळी होते. साठ सेंटिमीटर अंतरावर दोन स्टुलं, त्यांच्यामध्ये पूल. मधोमध बादली टांगायची आणि मगाने पाणी ओतत राहायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. बादली खाली जमिनीपासून चार बोटं वर असू द्या, म्हणजे पडली तरी पाणी सांडण्यापलीकडे काही होत नाही. ओतणारा सोडून बाकी सगळ्यांनी बाजूला बसून एकच गोष्ट बघायची: आधी काय हललं? बहुतेक वेळा नळी मोडत नाही, सांधा सुटतो. म्हणजे दुसऱ्या फेऱ्यात जाड नळ्या करण्यात अर्थ नाही, दोरा कसा गुंडाळला याच्याकडे बघायला हवं. पहिल्या पुलाची बादली किती किलोला पडली त्याची रेघ भिंतीवर मारून ठेवा. आमच्या पार्किंगच्या खांबावर अकरा वर्षांच्या रेघा आहेत, तारखेसह. मोठी झालेली मुलं आली की आधी तिथे जाऊन स्वतःची रेघ शोधतात.

अटल सेतूवरून गाडीतून जाताना मुलांना खांबांमधली अंतरं बघायला सांगा. २१.८ किलोमीटरचा पूल आहे, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. समुद्रात बोटी जिथून जातात तिथे खांब लांब लांब आहेत आणि गर्डर पोलादी आहेत, इतरत्र काँक्रीटचे. असं का, हे वर्तमानपत्राचा पूल केलेलं मूल विचारतं.

सिरिंजचं जेसीबी सगळे करतात, तुम्हीही करा, पण मापून करा. पाच मिलीची आणि वीस मिलीची सिरिंज, सुईशिवाय, मधे फिशटँकची नळी. आधी नळीत हवा ठेवून दाबायचं, मग पाणी भरून. हवेत स्पंज दाबल्यासारखं लागतं, पाण्यात दणका लगेच पोचतो. गॅरेजवाला ब्रेकमधली हवा का काढतो ते कुणालाच समजावून द्यावं लागत नाही. सिरिंजच्या नळीचा आतला व्यास व्हर्नियरने मापून क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढा, आणि वजनकाट्यावर दाबून ते खरंच तेवढं येतं का बघा. कमी येतं. उरलेला भार रबराच्या घर्षणात जातो. थोडं खोबरेल लावा आणि पुन्हा मापा.

मेच्या मध्याला शून्य सावली. ठाणे-नवी मुंबई १९ अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, मेचा दिवस धरा. सावली नाहीशी होते ती बाराला नाही, साधारण बारा पस्तीसला. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि आपण ७३ वर राहतो. एक अंशाला चार मिनिटं, हिशोब करून बघा. त्याआधी महिनाभर दर रविवारी एकाच काठीची दुपारची सावली मापलेली असेल तर त्या दिवशी मजा, नाहीतर तो नुसता फोटो काढण्याचा कार्यक्रम होतो.

इलेक्ट्रॉनिक्सकडे सातवी-आठवीनंतर वळा. त्याआधी दोन पेन्सिल सेल, एलईडी, पिनांचं बटण एवढं पुरे. लाल एलईडी सुमारे दोन व्होल्टला लागतो, पांढरा तीनच्या आसपास. एका सेलवर दोन्ही का लागत नाहीत यात मल्टीमीटरचे दोन रविवार जातात. हे झालेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, द्या, आणि किटमधून नाही. सुटे सेन्सर, सुट्या मोटरी घ्या, लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. आणि त्यांच्याच पर्जन्यमापकाला लावायला सांगा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब ही सरकारी योजनेतली प्रयोगशाळा असलेली मुलं तुमच्याकडे असतील तर त्यांना या भागात पुढे करा, त्यांना बरंच येत असतं.

आता मुलं टिकण्याबद्दल. दुसऱ्या फेऱ्याचं सांगितलंच. त्याखेरीज दोन गोष्टी मी चुकून शिकले.

पहिली दोन वर्षं माझ्याकडे मुली गळायच्या. मला वाटायचं, घरी कामं असतील, क्लास असतील. मग एका रविवारी मी नुसती बसून बघितलं. तिघांच्या गटात ड्रिल मुलाच्या हातात, हॅक्सॉ दुसऱ्या मुलाच्या हातात, आणि मुलीच्या हातात वही. तिचं अक्षर चांगलं म्हणून नोंदी तिने करायच्या आणि शेवटी कागदही तिनेच रंगवायचा. मी स्वतः शॉप फ्लोअरवर एकटी बाई म्हणून उभी राहिलेली, आणि हे माझ्या नाकासमोर दोन वर्षं चाललं होतं. त्या दिवसापासून हत्यार, वही आणि वजनकाटा दर वीस मिनिटांनी हात बदलतात, घड्याळ लावून. ज्याने ड्रिल आधी कधी धरलेलं नाही त्याला पहिलं भोक पाडायचा मान. यात अपवाद करू नका. ‘मला येत नाही, तूच कर’ हे वाक्य ऐकू आलं की तिथे जाऊन उभ्या राहा.

दुसरी चूक पालकांची आणि माझी मिळून. मदतीला आलेले वडील मुलाच्या हातातून पक्कड घेतात. वाईट हेतू नसतो, त्यांनाही मजा येत असते. पण पूल वडिलांचा होतो. आता पालक आले की मी त्यांना वेगळ्या टेबलावर त्यांचा स्वतःचा पूल करायला देते, तीच दहा पानं, तोच वेळ. त्यांचीही रेघ खांबावर मारते. पालक आनंदाने करतात, आणि मुलांच्या टेबलाकडे त्यांचं लक्ष जात नाही. स्पर्धेसाठी मॉडेल करायला आलेल्यांना मात्र मी नाही म्हणते. तारखेच्या घाईत दुसरा फेरा कधीच होत नाही.

एका मोठ्या माणसामागे दहा मुलं, त्याहून जास्त नकोत. तुमच्या वीस जणांना दोन माणसं हवीत. गट तिघा मुलांचा, त्यात एक वरच्या वर्गातला आणि एक पाचवी-सहावीतला. चौघांच्या गटात एक जण नुसता बघत राहतो.

लागण्या-भाजण्याबद्दल. घरातल्या प्लगला जोडलेल्या कुठल्याही गोष्टीवर मुलं काम करणार नाहीत, हा एक नियम शब्दशः पाळा. जुनी उपकरणं उघडायला मुलांना फार आवडतं आणि डीव्हीडी प्लेअर, प्रिंटर, घड्याळं यांत शिकण्यासारखं खूप असतं. पण वायर आधी मुळातून कापा, पॉवर सप्लायचा भाग मोठ्यांनी आधीच काढून ठेवा, मायक्रोवेव्ह, जुना टीव्ही आणि ट्यूबलाइट-सीएफएल अजिबात आणू नका. मोबाइलच्या आणि पॉवर बँकच्या बॅटऱ्या उघडायच्या नाहीत, टोचायच्या नाहीत. बटणासारखे गोल सेल मोजून द्या, मोजून परत घ्या. लहान भावंडं सोबत येतात, आणि तो सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तसा संशय जरी आला तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

आमच्याकडे सगळ्यात जास्त भाजणं झालं ते सोल्डरिंगने नव्हे, ग्लू गनने. खेळण्यासारखी दिसते म्हणून. आता ग्लू गन फक्त एका टेबलावर, मोठ्यांच्या समोर. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळद नाही. सोल्डरिंग आठवीपासून, उघड्या हवेत, आणि नंतर हात साबणाने धुऊनच डबा उघडायचा, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. कटरपेक्षा मी हॅक्सॉ आणि कानस आधी देते. हळू काम होतं आणि हात आपोआप शिकतो.

कल्पना कमी पडल्या तर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची खेळणी बघा. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्रिकोण-चौकोनांचे सांधे करायची त्यांची युक्ती कंदिलाच्या आधी एका रविवारी करून घेण्यासारखी आहे. आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर तुम्हाला हार्बर लाइनवर मानखुर्दलाच आहे. त्यांनी प्राथमिक शाळांसाठी केलेली विज्ञानाची पुस्तकं मराठीतही आहेत, पाचवीतल्या मुलांसाठी त्यातल्या कृती फार चांगल्या.

पहिल्या रविवारी काय करायचं असा प्रश्न असेल तर कामटीच घ्या, वीस सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटर. दोन वजनकाटे, दोन वह्या. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा, नावासकट, मग दाबू द्या. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आणि जूनचा पहिला पाऊस येण्याआधी गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते समितीला विचारून घ्या, सकाळी साडेआठला ती मिळायला हवी.